अक्का म्हणलं की पाणी प्यावं लागतं

अण्णांचा निरोप आलाय. दिवस मावळायच्या आत गल्लीत येतो आन् 'पोरीला भेटून जातो' म्हणले म्हणं. ती पोरगी म्हंजी मी. निरोप सांगायला आमचेच हे आले. अण्णांचा ट्रॅक्टर ह्येच चालवतेत. दारातच हुभं ऱ्हाऊन सांगितलं, चप्पल बी काढली न्हाई, आन् गेले. तवापासून लेकरू पदर सोडंना, डाळ करपून गेली, आन् मला सारखी सुंद्राबाई आठवायलीय. ती हितं असती तर म्हणली असती, "कामून भ्यायलीस? भेटायलाच यायलाय न्हवं? तांब्या भर."

सुंद्राबाई आमच्या गावच्या अंगणवाडीत मदतनीस व्हती. मदतनीस म्हंजी झाडलोट करायची, लेकरं घरोघर जाऊन आणायची, त्येंची नाकं पुसायची आन् चूल बघायची. चूल म्हणायचं नुस्तं, हाय ग्यासच. पर आमी चूलच म्हणताव. उप्पीट, खिचडी, अंडी, समदं तिच्या हातचं. उंच, हाडकुळी, चालताना एक खांदा वर करून चालायची, आन् पायात पोराचे शाळंतले जुने काळे बूट. लुगड्याखाली बूट. लोक हसायचे. ती म्हणायची, "काटा काय बाई बघून मोडत न्हाई."

आवाज म्हणाल तर पत्र्यावर खडा पडल्यावानी. ह्या आवाजात ती अंगणवाडीतल्या बारक्या बारक्या लेकरांला 'या, बसा, हात धुतलात का' असं अहो-जाहो करायची. जे चड्डी बी नीट घालत न्हाईत त्येंला! लेकरं बी तिला सुंद्राबाईच म्हणायची. मावशी न्हाई, आज्जी न्हाई, अक्का तर न्हाईच. बोबडी बोलणारी बी 'छुंद्राबाई, अंदं द्या' म्हणायची आन् ती अंडं सोलून द्यायची. नवीन नवीन लग्न हून आले तवा मला ह्ये लई इचित्र वाटायचं. माझं माहेर उदगीरच्या बाजूचं. तिकडं बाईला नावानं हाक मारली तर पाठीत धपाटा बसतो. मी तिला पयल्याच दिवशी "मावशी" म्हणले. तिनं माझ्याकडं बघितलं, आत गेली, तांब्या-फुलपात्र घिऊन आली, म्हणली, "पी." मी प्याले. मला तर तहानच लागलती. म्हणली, "हां. आता म्हण मावशी."

मला काय कळलं न्हाई. घरी येऊन सासूला इचारलं. सासू म्हणली, "तिचं तसंच हाय. डोकं फिरल्यालं हाय तिचं."

डोकं फिरल्यालं न्हवतं. तिचा कायदा व्हता त्यो. कुणी नात्यानं हाक मारली की ती पाणी म्होरं करायची. प्याला तर नातं. न्हाई प्याला तर म्हणायची, "मग सुंद्राबाई म्हणा. नाव चांगलं ठिवलंय माझ्या आईनं."

आमची गल्ली बौद्धांची. आमच्या घरचं पाणी वरच्या गल्लीत चालत न्हाई. ही गोष्ट आता कुणी तोंडानं बोलत न्हाई, बोललं तर केस हुती. आधी शिव्या दिऊन सांगायचे म्हणं, आता गोड बोलून सांगतेत. आन् आमच्या ह्या भागात गोड बोलायला शब्द काय कमी हायेत का? बिदरकडचा साहेब आला की अक्का, दुकानातला आपा म्हणतो, उदगीरकडचा पुढारी ताई म्हणतो, बसमदी मावशी, दवाखान्यात अम्मा. सुंद्राबाई म्हणायची, "एवढी नाती हायेत मला, पर आजारी पडले की एकटी माझी लेकच येती."

समद्यांलाच ती वाकडं बोलायची असं न्हाई. गाद्या पिंजायला एक चाचा यायचा, हमनाबादकडचा. त्यो तिला आपा म्हणायचा, म्हंजी अक्काच, आन् लिंबाखालच्या कट्ट्यावर बसून गटागटा पाणी प्यायचा. "और एक गिलास, आपा. आज धूप लई हाय." ती त्येच्यासाठी गूळ बी काढायची. त्येच्या लेकीच्या लग्नाला ही गेली, आन् परत येईना. चार दिवसांनी हाताला मेंदी लावून आली. आमी हसलाव तर म्हणली, "भाची माझी. मेंदी लावू नगं का?"

बसमदलं एक सांगते. मी आन् ती औरादला चाललताव, माझं लेकरू तवा अंगावर पीत व्हतं. सुंद्राबाई खिडकीला बसलती. एक पांढरे कपडेवाला चढला तसा कंडक्टर आला, नवीन पोरगा व्हता, लई गोड, "मावशी, जरा मागं बसा की, साहेबांला जागा द्या."

ही म्हणली, "मावशी म्हणलास का मला?"

"व्हय मावशी."

"मग मांडीवर बस."

"आँ?"

"मावशीच्या मांडीवर बसतेत. ये, बस. लाजू नगंस. मावशीला उठीवत न्हाईत, लेकरा."

अख्खी बस हासली. त्यो पांढरे कपडेवाला बी हासला आन् हुभाच ऱ्हायला. मी मातर लेकराच्या टाळूत तोंड खुपसून बसलते, वाटलं आता खाली उतरवतेत दोघींला. कंडक्टर लाल हून गेला. जाता जाता म्हणला, "नाव काय तुमचं?" ती म्हणली, "सुंद्राबाई. ध्यानात ठिव."

पुढारी लोकांची तर तिला गंमतच वाटायची. एकदा एक मोठा पुढारी गल्लीत आला, संगं मोबाईल धरून फोटो काढणारे. त्येनं सुंद्राबाईच्या खांद्यावर हात टाकला, "ह्या माझ्या आईच हायेत" म्हणला. तिनं फुलपात्र म्होरं केलं. त्येनं हासत हासत दोन्ही हातांनी घेतलं, कपाळाला लावलं, फोटो झाला, आन् न बघताच मागच्या माणसाकडं दिलं. मागच्यानं त्येच्या मागच्याकडं दिलं. असं करत करत ते फुलपात्र गर्दीतून मागं मागं गेलं, आन् सगळ्यात शेवटी जो व्हता त्येनं हळूच लिंबाच्या बुडाला वतलं. आमी समद्या बघायलताव. सुंद्राबाई गर्दीतून वाट काढत गेली, त्येच्या हातातनं भांडं घेतलं, आन् पुढाऱ्याला आयकू जाईल असं म्हणली, "लिंबाला तहान लागलती, बरं केलं. पर मी लिंबाची आई न्हाई. तुमी सुंद्राबाई म्हणा."

आता अण्णांचं सांगते. अण्णा म्हंजी वरच्या गल्लीतले, गावातलं निम्मं रान त्येंचं, पंचायतीत त्येंचाच शब्द. कवा ओरडणार न्हाईत, कवा शिवी न्हाई. कुणाच्या बी दारात मयत झाली की पयले येऊन बसणार. लांबून बसणार, पर बसणार. हात जोडूनच बोलतेत. मला त्येंच्या हात जोडण्याची लई भीती वाटती.

सुंद्राबाईच्या आधी अंगणवाडीची चूल वरच्याच गल्लीतल्या एक बाई बघायच्या. तवा सुंद्राबाई नुस्ती झाडलोट करायची. त्या बाई म्हातारपणानं सुटल्या, आन् दोन्ही कामं हिच्याकडं आली. जून म्हयन्यात शाळा उघडल्या. वरच्या गल्लीची लेकरं आलीच न्हाईत. एकाला ताप, एक मामाच्या गावाला, एकाला उप्पीट आवडत न्हाई. सुंद्राबाई रोज दारोदार जायची, "लेकरू द्या", आन् दारातून गोड आवाज, "उद्या पाठवते की अक्का."

मग अण्णा आमच्या गल्लीत आले. सुंद्राबाईच्या दारात बाज टाकली, बाजेवर बसले. तिनं पाणी म्होरं केलं. अण्णांनी हात जोडले, "आत्ताच च्या झाला, अक्का." आन् म्हणले, "बघ अक्का, तू माझ्या बहिणीवानी. गावात कटकट नगं. आपण समदे एका घरचे. तू लेकरं सांभाळ, झाडलोट बघ, चुलीला दुसरी बाई लावू. तुझं काय बी कमी हुणार न्हाई. फकस्त एकदा समद्यांम्होरं म्हण, मी राजीखुशीनं सोडते."

ती म्हणली, "आन् राजीखुशी नसली तर?"

अण्णा हासले. "असं कामून बोलतीस? घरातलं घरात."

दुसऱ्याच आठवड्यात तिच्या पोराचं काम बंद झालं. कुणी भांडलं न्हाई बरं का. ज्येच्या दारात गेला त्यो म्हणला, "यंदा काम कमी हाय रे भावा." खांद्यावर हात ठिवून म्हणला. त्यो हैदराबादला गेला, त्यो आजूक तिकडंच हाय. तवा मला कळलं की शिवी दिली तर माणूस उलटी शिवी तरी दिऊ शकतंय. 'भावा' म्हणल्यावर काय करणार?

मग स्नेहमेळावा ठरला. अंगणवाडीच्या म्होरं मंडप, बोर्ड लावला, त्येच्यावर एकमेकांत घातलेले दोन हात. अंगणवाड्या बघणाऱ्या तालुक्याच्या मॅडम येणार. जेवण बाहीरच्या आचाऱ्याचं, कागदाच्या पत्रावळ्या. समद्या जातीची माणसं एका पंगतीत बसणार, फोटो निघणार, आन् त्येच्या आधी सुंद्राबाई दोन शब्द बोलणार. सासू म्हणली, "जाऊ नगंस. ह्येंचं काम जाईल." हे भिताडाकडं तोंड करून झोपले. मी म्हणले, लेकरू अंगणवाडीत हाय, त्येला आणायला तर जावं लागंल. असं म्हणून गेले, लेकरू कडेवर घेतलं आन् मंडपाच्या बांबूला धरून हुभी ऱ्हायले.

मॅडम गाडीतून उतरल्या. कानडीत इचारलं, "ऊटा आयता, अक्का?" जेवलीस का म्हणून.

सुंद्राबाई म्हणली, "लेकरांसाठी उप्पीट केलंय, मॅडम. गरम हाय. आणू का?"

मॅडम म्हणल्या, "आमेले, आमेले." म्हंजी मग, मग. आन् खुर्चीवर जाऊन बसल्या.

भाषणं झाली. समदे भाऊ, समद्या बहिणी. अण्णा म्हणले, "आमच्या सुंद्राअक्काचं मन लई मोठं हाय. ती माझी थोरली बहीण. तिला दोन शब्द बोलू द्या."

सुंद्राबाई हुभी ऱ्हायली. बुटाला पीठ लागलं व्हतं. तिनं माईक घेतला न्हाई, तिला गरजच न्हवती.

"अण्णा," म्हणली, "तू मला थोरली बहीण म्हणलास."

समद्यांचे कान टवकारले. अण्णांला तू! अख्ख्या गावात अण्णांला तू म्हणणारं कुणी जिवंत न्हाई. मागून कुणीतरी "ए" म्हणलं. ती म्हणली, "ए कामून? थोरली बहीण भावाला तू म्हणती. का अहो म्हणती?"

अण्णा हासले, हात जोडून. "म्हण की अक्का, म्हण."

"मग आयक. मी चूल सोडते. राजीखुशीनं सोडते."

मॅडमनी टाळी वाजवली. माझ्या कडेवरच्या लेकरानं बी वाजवली.

"पर माझ्या भावाचं माझं एक ठरू द्या. पंचमी आलीय. पंचमीला भाऊ बहिणीला न्ह्यायला येतो. तू मुराळी हून ये. माझ्या दारातनं मला घिऊन जा, तुझ्या गाडीत बसवून. माहेरला आल्याली लेक ओसरीवर बसत न्हाई, चुलीपाशी जाती, वहिनीसंगं पुरणाचे उंडे वळती. मला तुझ्या घरात चुलीपाशी बसीव. त्या दिवशी मी अंगणवाडीची चूल सोडते. तवर न्हाई."

अण्णांच्या तोंडावरचं हासू तसंच व्हतं, फकस्त डोळ्यातलं गेलं. त्येंनी म्हणावं काय? न्हाई म्हणलं तर बहीण कशी? बोर्डावरचे हात बघत व्हते. अण्णा म्हणले, "येतो की, अक्का. त्यात काय."

त्येंला वाटलं असंल, नुस्तं बोलायचं तर हाय.

घरी येताना माझी सासू तिला म्हणली, "तू कवापासून पंचमी कराय लागलीस गं? आपण नागाला पुजत न्हाई."

सुंद्राबाई म्हणली, "नागाला कोण पुजतंय? भावाची वाट बघायला देव लागतो का?"

पंचमीच्या दिवशी सकाळीच ती न्हाऊन, धुतलेलं पातळ नेसून, बूट पुसून, पिशवी भरून कट्ट्यावर येऊन बसली. कट्टा रस्त्यालाच. वरच्या गल्लीच्या लेकी झोका खेळायला त्याच रस्त्यानं जातेत. जी ती इचारायची, "कुठं निघालीस, सुंद्राबाई?"

"माहेरला. अण्णा न्ह्यायला यायलाय."

एकीनं पदर तोंडाला लावला, एक खाली बघून गेली, एक म्हातारी मातर थांबली आन् म्हणली, "येईल का गं त्यो?" ही म्हणली, "मेळाव्यात समद्यांम्होरं म्हणलाय. न येऊन काय करंल?"

दुपारी अण्णांचा माणूस आला. हातात नवं पातळ, चोळीचा खण. "अण्णांनी पाठवलंय, अक्का. गडबडीत हायेत."

तिनं पातळ हातात घेतलं, उलगडून बघितलं, काठ चांगला व्हता, परत घडी घातली. "लई चांगलं हाय. पर ह्येला पाय न्हाईत मला न्ह्यायला. परत ने. म्हणावं, मुराळी पाठव. तुझ्यावानी गडी न्हाई, भाऊ."

दिवस कलला तशी ती उठली. पातळ झटकलं. आन् त्या पत्र्यावानी आवाजात, वरच्या गल्लीला आयकू जाईल असं म्हणली, "भाऊ आला न्हाई!"

दुसऱ्या दिवशी अंगणवाडीत उप्पीट झालं. तिच्याच हातचं. मॅडमनी इचारलं तर म्हणली, "ठरलंय ते ठरलंय, मॅडम. न्ह्यायला आला की सोडते. मी कुठं न्हाई म्हणायलेय? वाट बघायलेय." मॅडम काय करणार? रागानं न्हाई म्हणलं असतं तर काढलं असतं. ही तर व्हय म्हणून बसलती.

दर पंचमीला ती कट्ट्यावर बसायची. पिशवी भरून. अण्णा त्या दिवशी गावातच नसायचे.

लेकरं हळूहळू आली. समदी न्हाईत, आज बी समदी येत न्हाईत. पयलं आलं ते वरच्या गल्लीतल्या एका सुनंचं. तिनं लेकराचं बोट धरून आणलं, दारात हुभी ऱ्हाऊन म्हणली, "सुंद्राबाई, ह्येला तिखट कमी घाला, तोंड आलंय." आन् गेली. अक्का न्हाई, मावशी न्हाई, हात जोडणं न्हाई. त्या दिवशी सुंद्राबाई लई येळ खिचडी ढवळत बसलती. मी म्हणले, "काय झालं?" म्हणली, "काय न्हाई. तिखट कमी पडलंय, कसं लागंल बघायलेय."

गेल्या साली तिची नोकरी संपली. निरोपाला शाल, नारळ, भाषण. 'आमच्या लाडक्या अक्का.' ती बसून आयकली, शाल घेतली न्हाई, नारळ लेकरांत फोडून वाटला. लेक बिदरला मैलूरमदी ऱ्हाती, तिच्याकडं निघाली. मी फाट्यावर सोडायला गेले, लेकरू संगं.

फाट्यावर अण्णांची गाडी थांबली. काच खाली झाली. "अक्का, बिदरलाच निघालोय. बस, सोडतो."

तिनं वाकून आत बघितलं. अण्णा म्होरं, डायव्हरशेजारी. मागं खताची पोती.

"म्होरं बसवतूस का मागं?"

अण्णा म्हणले, "मागं मोकळं करतो की."

"नगं, भावा. पंचमीला ये."

काच वर गेली. गाडी गेली, धूळ बसायला येळ लागला. मग बस आली. त्योच कंडक्टर, आता मिशा आल्यात त्येला. दार उघडून म्हणला, "या सुंद्राबाई. खिडकी ठिवलीय."

ती चढली, काळे बूट आधी, खांदा वर करून. बसली. मग खिडकीतून हात बाहीर काढला, हातात तांब्या व्हता आन् त्येच्यावर पालथं घातलेलं फुलपात्र. म्हणली, "धर. माझ्या लेकीकडं फिल्टर हाय."

बस हालली. मी तांब्या छातीशी धरून संगं चार पावलं पळाले. ती वाकून म्हणली, "चुलीसाठी नाव दे तुझं. कुणी यील अक्का-पोरी करत. म्होरं करायचं. भिऊ नगंस गं, पाणीच हाय."

जागा आत्ता भरायला काढलीय, मी नाव दिलं. म्हणून अण्णा यायलेत आज.

आत्ता गल्लीच्या तोंडाला गाडीचा आवाज आला. सासूनं दाराला कडी लावली, मी काढली. लेकरू म्हणायलंय, "आई, कोण आलं?" मी फुलपात्र भरलं, थोडं पाणी सांडलं बी. तांब्यातलं आजूक भरपूर हाय.

अण्णा हात जोडून दारात हुभे हायेत. "पोरी," म्हणले.

मी पाणी म्होरं केलंय.